शेजारचं झाड आपल्या घरावर झुकलंय, आता काय करायचं?

खोडावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं की निरोगी लाकूड ‘टक्’ असं भरीव वाजतं. आत कूज असली की आवाज बसका येतो, रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा. हे मला एका माळीकाकांनी आमच्या कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे वाकून ऐकवलं. झाड शेजारच्या प्लॉटमधलं, गुलमोहराचं. त्याच्या दोन जाड फांद्या आमच्या गच्चीवर आलेल्या, त्यांच्या बरोबर खाली कुलरची खिडकी, आणि खिडकीच्या आत आईचा पलंग. आमचं ले-आऊट नागपुरातल्या मानेवाडा रोडकडचं. समोरचा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा मशीनने नाली खोदताना त्या झाडाची मनगटाएवढी मुळं तुटून बाहेर आलेली मी पाहिली होती. पण पुढच्या उन्हाळ्यातही झाड लालभडक फुललं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

माळीकाकांनी बुडाकडे बोट दाखवलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर, तांबूस-तपकिरी रंगाची, कडेला पांढरी किनार असलेली, तळहाताएवढी टणक बुरशी आली होती. “भाऊ, हे बाहेरून चिकटलेलं नाही. हे आतून बाहेर आलेलं आहे,” ते म्हणाले.

शेजारचे घरमालक पुण्याला, त्यांच्या घरात भाडेकरू, आणि महिना ऑक्टोबर. त्यानंतरच्या काही महिन्यांत झाडाबद्दल, कायद्याबद्दल आणि शेजाऱ्याशी कसं बोलावं याबद्दल जे शिकलो ते इथे सगळं लिहितो आहे. आपल्या शहरात दर मे-जूनमध्ये वावधन (वादळी वारा) सुटलं की कुठे ना कुठे कारवर, टिनाच्या शेडवर, कधी माणसावर झाड पडतं, आणि त्यातली बरीच झाडं महिनोन्‌महिने आधीपासून खुणा दाखवत असतात.

भीती वेगळी, धोका वेगळा

झाड मोठं आहे, आपल्याकडे झुकलेलं आहे, वाऱ्यात फार हलतं. एवढ्यावरून ते धोक्याचं ठरत नाही. हलणं ही तर झाडाची वारा सोसण्याची रीत आहे. पाहायचं असतं ते वेगळंच, आणि ते बुडापासून वर पाहायचं. आपण नेमकं उलट करतो. मान वर करून फांद्या बघत बसतो.

मुळांचा विषय आधी, कारण तिथेच आपला गैरसमज मोठा आहे. झाड जेवढं वर तेवढंच खाली, असं आपल्याला वाटतं. बहुतेक झाडांची बरीचशी मुळं जमिनीच्या वरच्या दोन फुटांतच असतात आणि आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. त्यामुळे खोडापासून तीन-चार फुटांवर रस्त्यासाठी, केबलसाठी किंवा गडर लाईनसाठी (सांडपाण्याच्या नळासाठी) नाली खोदली की त्या बाजूचे दोरच कापले जातात. मंडपाचे एका बाजूचे ताण सोडून द्यावेत तसं. पानं मात्र हिरवी राहतात, कारण उरलेली मुळं पाणी पुरवत असतात. मूळ कापल्याचा परिणाम दिसायला दोन-चार वर्षंही लागतात, आणि तोवर खोदकाम सगळे विसरलेले असतात. म्हणून घराजवळ खोदकाम सुरू असेल तेव्हाच फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पुढे हाच फोटो सगळ्यात जास्त कामाला येतो.

बुंध्याभोवती सिमेंट किंवा गट्टू (फरसबंदीचे ब्लॉक) अगदी खोडाला भिडवून बसवले असतील तर तीही वाईट खूण. पाणी आणि हवा दोन्ही अडतात, मुळं हळूहळू गुदमरतात.

झुकावाचं असं आहे. लहानपणापासून उजेडाकडे झुकत वाढलेल्या झाडाचा शेंडा पुन्हा वर वळलेला दिसतो. खोडाला बाक असतो. असं झाड तसंच वर्षानुवर्षं उभं राहू शकतं. नवा झुकाव वेगळा दिसतो. अख्खं खोड काठीसारखं सरळ, पण तिरपं, आणि झुकावाच्या उलट बाजूला माती उचललेली किंवा जमिनीला भेग पडलेली. आता नागपुरात जिथे काळी माती आहे तिथे उन्हाळ्यात भेगा सगळीकडेच पडतात, मग फरक कसा ओळखायचा? काळ्या मातीच्या भेगा कशाही, जाळीसारख्या असतात आणि पहिल्या चार पावसांत बुजतात. झाड उचललं जात असल्याची भेग खोडाभोवती कमानीसारखी असते, ओल्या मातीतही राहते, आणि वारा सुटला की तिची तोंडं थोडी उघडतात आणि मिटतात. ही उघडझाप दिसली तर त्या बाजूच्या खोलीत झोपू नका, गाडी तिथून हलवा आणि त्याच दिवशी अग्निशमन दलाला (१०१) कळवा. तिथे अर्ज-विनंत्यांची वेळ निघून गेलेली असते.

खोड पोकळ आहे म्हणजे झाड पडणारच, असंही नाही. पोकळ पाइप चांगलाच मजबूत असतो. झाडांची तपासणी करणारे लोक एक ढोबळ हिशोब वापरतात: उरलेल्या चांगल्या लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशाहून कमी झाली की धोका वाढतो. म्हणजे खोडाचा व्यास ६० सेंटिमीटर असेल तर त्रिज्या ३०, आणि भोवतालचं चांगलं लाकूड किमान १० सेंटिमीटर तरी हवं. पोकळीला बाजूने तोंड फुटलेलं असेल तर एवढंही पुरत नाही. चिरलेला पाइप जसा लगेच वाकतो तसंच.

वर पाहताना दोन गोष्टी शोधा. एक, जिथे दोन जाड खोडं एकाच जागेतून चिमट्यासारखी अरुंद फुटली आहेत ती बेचकी. अशा बेचकीत दोन्हींच्या मध्ये साल दाबली जाते, लाकडाला लाकूड जुळत नाही, आणि वादळात झाड तिथूनच उभं चिरतं. दोन, जुनं मुंडण. तारांना लागतं म्हणून कधीतरी शेंडा सरसकट उडवलेला असतो. त्या ठुंठावर नंतर जो फुटवा येतो तो सालीजवळून फुटतो, आतल्या लाकडात त्याचं मूळ खोल नसतं. पाच-सहा वर्षांत तोच फुटवा मांडीएवढा जाड होतो आणि पाऊस प्यायलेल्या पानांच्या वजनाने उपटून येतो. म्हणून “छाटून टाका सगळं, मोकळं होईल” हा सल्ला मला पटत नाही. आज मोकळं वाटतं, सहा वर्षांनी धोका दुप्पट होऊन परत येतो.

रस्त्याकडेच्या झाडांवर गेरू-चुन्याचे पट्टे ओढलेले असतात. ते दिसायला छान, पण बुडाची भेग, भुगा आणि बुरशी नेमकी त्याच पट्ट्याखाली लपते. तिथे जरा खरवडून पाहावं.

जातींबद्दल थोडक्यात: गुलमोहर, सुबाभूळ, शेवगा यांचं लाकूड ठिसूळ, यांच्यावर नजर जास्त ठेवावी. चिंच वादळाला सहसा दाद देत नाही. आणि कडुनिंबाबद्दल एक विनंती आहे. आमच्या घरामागच्या कडुनिंबाची पानं फाल्गुनात झडली की आई दरवर्षी म्हणायची, वाळला, आता पडेल. गुढीपाडव्यापर्यंत तोच निंब तांबूस कोवळ्या पालवीने भरून यायचा. उन्हाळ्याच्या तोंडावरची पानगळ हा त्याचा नेम आहे. एखादी फांदी मेली की नाही हे पाहायचं असेल तर नखाने साल खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर ती जिवंत आहे.

झाड त्यांचं, फांदी आपल्यावर

खोड ज्याच्या जमिनीत, झाड त्याचं. खोड नेमकं हद्दीवर असेल तर दोघांचं. रस्त्याकडेचं असेल तर महापालिकेचं. रेल्वेच्या, लष्कराच्या किंवा कुठल्या सरकारी वसाहतीच्या आवारातलं असेल तर आधी त्या खात्याला पत्र जायला हवं.

“आमच्या हद्दीत आलेली फांदी आम्ही कापू शकतो,” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. शेजाऱ्याच्या झाडाची हद्द ओलांडून आलेली फांदी हा उपद्रव मानायचा, हे तत्त्व जुनंच आहे. पण आपण महाराष्ट्रातल्या शहरात राहतो, आणि इथे त्याच्यावर दुसरा कायदा आहे: महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. यात झाड ‘तोडणे’ या शब्दाचा अर्थ फार रुंद धरला आहे. कापणं, जाळणं आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं, सगळं त्यात येतं. झाड खाजगी प्लॉटमध्ये असलं तरी, अगदी तुमचं स्वतःचं असलं तरी, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणजे कुऱ्हाड घेऊन भिंतीवर चढलात तर तक्रारदार असलेले तुम्हीच आरोपी होऊन बसाल.

खोडाला भोक पाडून हिंग भरणं, बुडाशी ॲसिड ओतणं, गोल साल काढून टाकणं, हे उपाय गल्लीगल्लीत कानात सांगितले जातात. तो गुन्हा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की मारलेलं झाड लगेच नाहीसं होत नाही. ते उभ्या उभ्या वाळतं, त्याची मुळं कुजतात, आणि जे झाड कदाचित अजून वीस वर्षं उभं राहिलं असतं ते आता येत्या एक-दोन पावसाळ्यांत पडतं. कोणाच्या छतावर? ज्याने ॲसिड ओतलं त्याच्याच.

२०२१ मध्ये या कायद्यात मोठा बदल झाला. पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ मानलं जाऊ लागलं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावण्याची अट आली. कायदा झाडाच्या बाजूने आहे, आणि पंचेचाळीस अंश तापणाऱ्या आपल्या शहरात तो तसाच असायला हवा. पण तो आंधळा नाही. मेलेलं, रोगट, वाऱ्याने उन्मळलेलं, जीविताला किंवा मालमत्तेला धोका असलेलं झाड ही परवानगी देण्याची कारणं त्याच कायद्यात मान्य केलेली आहेत. म्हणून अर्जात “पानांचा कचरा होतो”, “गडर लाईन चोक होते”, “ऊन येत नाही” असली दहा कारणं भरू नका. धोका एकच लिहा आणि तो दाखवा.

आधी बोलणं, मग लगेच कागद

मी सुरुवात चुकीची केली. भाडेकरूला भिंतीवरून ओरडून सांगितलं की तुमचं झाड आमच्यावर पडलं तर बघा. तो बिचारा काय करणार? त्याने मालकांना फोनवर सांगितलं की शेजारचे भांडून राहिले. पुढचे पंधरा दिवस त्यातच गेले.

मग मी स्वतः फोन केला. “काकाजी, नमस्कार. भांडायला फोन नाही केला. तुमच्या गुलमोहराच्या बुडाला बुरशी आली आहे, फोटो पाठवतो. तुम्ही एकदा पाहून घ्या.” ते म्हणाले, “अरे, ते झाड बाबांनी लावलेलं आहे.” आता ही गोष्ट मला माहीतच नव्हती. मी त्या झाडाकडे फक्त धोका म्हणून पाहत होतो, त्यांच्यासाठी ती वडिलांची आठवण होती. हे कळल्यावर बोलण्याचा सूरच बदलला. पाडा म्हणण्याऐवजी, जाणकाराला दाखवू, वाचत असेल तर वाचवू, असं आम्ही ठरवलं. तपासणीचे पैसे अर्धे-अर्धे.

बोलणं चांगलं झालं तरी पत्र मात्र पाठवावं, आणि तेच या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. निरोगी दिसणारं झाड अचानक वादळात पडलं तर मालक म्हणू शकतो, ही दैवी आपत्ती, माझा काय दोष? आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. पण झाड कुजलेलं आहे हे मालकाला माहीत होतं, किंवा जरा लक्ष दिलं असतं तर माहीत झालं असतं, आणि तरी त्याने काही केलं नाही, तर तो निष्काळजीपणा ठरतो आणि नुकसानभरपाई मागता येते. दिल्लीत १९६४ साली स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावर रस्त्याकडेच्या वाळलेल्या झाडाची फांदी पडून तो गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९९ मध्ये न्यायालयाने महापालिकेची जबाबदारी कायम ठेवली. झाड वाळलेलं होतं, ते दिसत होतं, वेळेवर काढायला हवं होतं, असा त्याचा गाभा. ३५ वर्षं लागली, हेही विसरू नका. तुमचं पत्र म्हणजे ‘माहीत होतं’ याचा पुरावा. ते पोचलं त्या तारखेनंतर ‘मला काय माहीत’ असं म्हणायला जागा राहत नाही.

पत्र साधं असावं. मी पाठवलेल्या पत्राचा मजकूर जवळपास असा होता:

“आदरणीय काकाजी, सा. न. आपल्या प्लॉटच्या पश्चिमेकडील गुलमोहराच्या बुडाशी बुरशी आली असून खोड आतून पोकळ वाजते. रस्त्याच्या खोदकामात त्याची मुळे तुटली आहेत. झाडाच्या दोन मोठ्या फांद्या आमच्या छतावर आहेत व त्याखालील खोलीत माझी ७४ वर्षांची आई झोपते. सोबत फोटो जोडले आहेत. कृपया झाडाची तपासणी करून पावसाळ्यापूर्वी महापालिकेच्या परवानगीने आवश्यक ती छाटणी किंवा काढणी करावी. मी लागेल ती मदत करीन.”

धमकी नाही, विशेषणं नाहीत. काय दिसतं, कुठे, खाली कोण आहे आणि काय हवं, एवढंच. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, प्रत आणि पावती जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरही टाका, पण एकट्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका. घर भाड्याने असेल तर पत्र मालकाच्या नावे हवं.

महापालिकेच्या दारात

नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. झाडांचं काम उद्यान विभागाकडे असतं. अर्ज दोन प्रती नेऊन द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. माझा पहिला अर्ज बिनशिक्क्याचा होता, तो नंतर कोणालाच सापडला नाही.

सोबत काय जोडायचं? झाडाचा लांबून एक फोटो ज्यात झाड, भिंत आणि तुमचं घर एकत्र दिसेल. बुडाचा जवळून एक, शेजारी मोजपट्टी धरून. जागेचं हाताने काढलेलं साधं चित्र. आणि मालकाला पाठवलेल्या पत्राची प्रत. मालकाची सही असलेलं संमतिपत्र मिळालं तर काम फार सोपं होतं, कारण त्याच्या झाडाच्या परवानगीचा अर्ज मुळात त्यानेच करायचा असतो. तो करत नसेल तर तुमचा कागद तक्रार म्हणून जातो. पाहणी होऊन मालकाला नोटीस जाऊ शकते.

पाहणीला माणूस येईल तेव्हा घरी हजर राहा. गच्चीवर न्या, पलंग कुठे आहे ते दाखवा. आमच्याकडे आलेल्या कर्मचाऱ्याने आधी रस्त्यावरून पाहिलं आणि “हिरवं तर आहे” म्हणाला. बुडाशी नेल्यावर त्यानेही खोड ठोकलं, आणि मग तो गप्प झाला. झाड तोडायचं ठरलं तर त्याची जाहीर सूचना निघते, झाडावरही चिकटवतात, आणि लोकांना हरकत घेता येते. कोणी हरकत घेतली तर रागावू नका. झाडासाठी बोलणारी माणसं आपल्याच बाजूची आहेत. त्यांना बुरशी दाखवा.

या सगळ्याला वेळ लागतो. म्हणूनच मे महिन्यात घाबरून धावण्यापेक्षा दिवाळीनंतर सुरुवात करावी. पाऊस नुकताच संपलेला असतो, बुरशी स्पष्ट दिसते, आणि हातात सहा-सात महिने असतात. शिवाय मे महिन्याच्या उन्हात मोठी छाटणी केली की आजवर सावलीत असलेली साल भाजून निघते आणि झाडाला नवं दुखणं लागतं.

मालक पत्राला उत्तरच देत नसेल आणि धोका खरा असेल तर एक रस्ता फारसा कोणाला ठाऊक नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. जुलै २०२४ च्या आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं. त्यात झाडाचा स्पष्ट उल्लेख आहे: झाड अशा अवस्थेत असेल की ते पडून आसपास राहणाऱ्या किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांना इजा होण्याचा संभव आहे, तर कार्यकारी दंडाधिकारी मालकाला ते काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. मालकाला बाजू मांडायची संधी मिळते. आदेश कायम होऊनही त्याने केलं नाही, तर ते काम करवून घेऊन खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे हा अर्ज करायचा. महापालिकेचा पाहणी अहवाल आणि ती पोचपावती इथे हुकमाच्या पानासारखी चालते. दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम किंवा ‘हे करा’ असा आदेशही मागता येतो, पण त्याला वकील लागतो, वेळ लागतो, आणि नातं बहुधा संपतं. तिथे सगळ्यात शेवटी जावं.

कागद फिरत असतानाच झाड पडलं तर? माणसं बाहेर काढा, आणि तार तुटलेली असेल तर कोणीही जवळ जाऊ नका. महावितरणला १९१२ वर कळवा. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत ओली फांदी हीसुद्धा तारच समजा. मग, काही उचलायच्या आधी, सगळ्या बाजूंनी फोटो. तुटलेल्या बुडाचा फोटो विसरू नका, कारण कूज होती की नाही हे तिथेच दिसतं आणि सकाळपर्यंत लाकूड कोणीतरी घेऊन गेलेलं असतं. घराचा विमा असेल तर पाहा: ‘भारत गृह रक्षा’ या ठरावीक पॉलिसीत वादळाबरोबरच झाड कोसळून होणारं नुकसानही धरलेलं आहे. गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्याच गाडीचं नुकसान त्यात मिळत नाही. त्याला स्वतःच्या नुकसानीचा विमा असलेली पॉलिसी लागते.

कापायचा दिवस

आमची परवानगी फेब्रुवारीत आली. फांद्या हलक्या करून भागेल का हे आधी पाहिलं होतं, पण मुळं एका बाजूने गेलेली आणि बूड कुजलेलं, दोन्ही एकत्र असल्यामुळे झाड काढायचंच ठरलं. तुमच्याकडे नुसत्या छाटणीवर भागत असेल तर एक गोष्ट कापणाऱ्यांकडून करवून घ्याच. जाड फांदी एका घावात वरून कापू देऊ नका. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडी चीर, मग त्याच्या जरा पुढे वरून काप, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नेत नाही. उरलेलं ठुंठ शेवटी तिथे कापायचं जिथे फांदीच्या बुडाला सुरकुतलेली फुगीर कॉलर दिसते. कॉलर राखली तर झाड स्वतः जखम बुजवतं. खोडाला चाटून कापलं तर तिथूनच कूज शिरते.

तारा जवळून जात असतील तर महावितरणकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही झाडावर चढू देऊ नका, तो माणूस कितीही म्हणो की आमचं रोजचंच आहे. आणि घरटी पाहून घ्या. अंडी किंवा पिल्लं असली तर थांबा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे घरटी-अंडी उद्ध्वस्त करणं हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. आमच्या झाडावर कावळ्याचं एक जुनं घरटं निघालं. काड्यांमध्ये कुलरच्या जाळीच्या तारांचे तुकडे विणलेले होते, पण आत काही नव्हतं.

काकाजी पुण्याहून आले होते. खोडाला त्यांनी हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मग मजुरांना हो म्हटलं. फांद्या दोर बांधून एकेक उतरवल्या, दुपारपर्यंत नुसतं खोड राहिलं, आणि चारच्या सुमारास तेही आडवं झालं. माळीकाकांनी बुंध्याच्या कापावरचा भुगा हाताने झाडला. मध्ये काळपट, चुरगळणारा लगदा, त्यात मुंग्यांची रांग. रस्त्याकडच्या बाजूला चांगलं लाकूड वीतभर होतं. आमच्या बाजूला त्यांनी आडवी बोटं ठेवून मोजलं. तीन बोटं.

काकाजींनी त्या बुंध्याकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्या आईला विचारलं, “वहिनी, अटीतली रोपं लावायची आहेत. यातलं एक तुमच्या बाजूला लावू का? करंज लावू म्हणतो, भिंतीपासून लांब.” जागा आईने दाखवली.